पालाऊचे सोनेरी तळे : चमत्कार नव्हे, कारण!

रविवारी सकाळी आमच्या वस्तीतील बुद्धविहारात मुलांचा वर्ग भरतो. त्रिसरण-पंचशील झाले की तासभर मुलांनी मनातले काहीही विचारावे, असा आमचा शिरस्ता आहे. मध्यंतरी सातवीतील एका मुलीने वडिलांचा मोबाईल आणला आणि एक चित्रफीत सर्वांना दाखवली. हिरव्यागार पाण्यात एक बाई पोहत आहे. तिच्या चहूबाजूंनी, अगदी अंगाला घासून, शेकडो सोनेरी जेलीफिश तरंगत आहेत. एकही तिला डसत नाही. चित्रफितीखाली कोणीतरी लिहिले होते, ‘ही देवाची लीला! या तळ्यात विषारी जीवसुद्धा डंख मारत नाहीत.’ मुलीने विचारले, “काका, हे खरं आहे का?”

प्रश्न रास्त होता. मुंबईच्या पोरांना जेलीफिशची भीती ठाऊक आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये गिरगाव आणि जुहूच्या चौपाटीवर शेकडाभर लोकांना निळ्या फुग्यासारख्या ‘ब्लू बॉटल’ने डंख केला होता. खरे तर तो जेलीफिशचा चुलत भाऊ. पण अंगाची आग मात्र तशीच होते. मग इथे दंश, आणि तिथे त्या बाईला काहीच नाही, असे का?

प्रस्तुत लेखक शिकला वाणिज्य शाखेत आणि नोकरी करतो कारकुनाची. पण आपण दर रविवारी धम्मवंदनेत ‘एहिपस्सिको’ म्हणतो, म्हणजे या आणि स्वतः पाहा. तेव्हा “पुढच्या रविवारी सांगतो” असे म्हणून मी पुस्तके शोधली, वाचले. जे हाती आले ते मुलांना सांगितले, आणि तेच आज आपल्या कुटुंबांपुढे ठेवीत आहे. एका वाक्यात सांगायचे तर चित्रफीत खरी आहे, तिच्याखालचा मजकूर खोटा आहे.

छोटा देश, जुने तळे

हे तळे आहे पालाऊ नावाच्या देशात. फिलिपाईन्सच्या पूर्वेला, प्रशांत महासागरात हा लहान लहान बेटांचा देश आहे. त्याची सगळी जमीन एकत्र केली तरी सुमारे ४६० चौरस किलोमीटर भरते, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षाही कमी. लोकवस्ती सुमारे १८ हजार, आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. या बेटांवर आधी स्पेनने, मग जर्मनीने, मग जपानने आणि शेवटी अमेरिकेने सत्ता गाजवली. १ ऑक्टोबर १९९४ रोजी पालाऊ स्वतंत्र झाला. परक्यांच्या टाचेखाली पिढ्यान्‌पिढ्या काढलेल्या लोकांना आपल्या पाण्याची आणि जमिनीची किंमत किती असते, हे पुढे दिसेलच.

पालाऊच्या दक्षिणेकडे ‘रॉक आयलंड्स’ म्हणून चुनखडीची सुमारे ४४५ बेटे आहेत. २०१२ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. ही बेटे म्हणजे फार प्राचीन काळची प्रवाळांची रास. ती वर उचलली गेली. पावसाच्या पाण्याने चुनखडी झिजली आणि जागोजागी खोल खळगे पडले. पृथ्वीवरील शेवटचे हिमयुग सरू लागले तेव्हा बर्फ वितळून समुद्र वर चढला आणि दगडांच्या फटींतून, भुयारांतून खारे पाणी त्या खळग्यांत शिरले. अशी खाऱ्या पाण्याची पन्नासच्या वर तळी तिथे झाली. जगात इतकी दाट वस्ती अशा तळ्यांची दुसरीकडे नाही.

त्यांतले सर्वांत प्रसिद्ध तळे मेचेरचार बेटावर आहे. त्याचे स्थानिक नाव ओंगेइमल केताऊ, म्हणजे पाचवे तळे. पर्यटक त्याला सरळ ‘जेलीफिश लेक’ म्हणतात. लांबी साडेचारशे मीटरच्या आसपास, रुंदी त्याहून बरीच कमी. वय सुमारे १२ हजार वर्षे असावे, असे समुद्राची पातळी कधी किती होती यावरून अभ्यासक सांगतात. समुद्राशी त्याचे नाते तुटलेले नाही. भरती-ओहोटी तळ्यातही होते, पण फटींतून पाणी यायला वेळ लागतो, म्हणून उशिरा आणि थोडीच. मोठे मासे, मोठे शत्रू त्या फटींतून सहजी येऊ शकत नाहीत. समुद्रातून कधीकाळी आत आलेले जेलीफिश मात्र तिथलेच झाले.

उन्हामागे चालणारे कष्टकरी

जेलीफिशला मेंदू नाही, हृदय नाही, हाडे नाहीत, रक्त नाही. शरीराचा बहुतेक भाग पाणीच. पण असा जीव रोज ठरल्या वेळी कामाला निघतो, हे ऐकून आमच्या वर्गातली मुले चकित झाली.

रात्री हे सोनेरी जेलीफिश तळ्याच्या पश्चिम भागात वर-खाली ये-जा करीत असतात. पहाटे सहाच्या सुमारास उजाडू लागले की लाखोंचा तो समुदाय पूर्वेकडे निघतो, जिकडून सूर्य उगवतो तिकडे. साडेनऊ-दहापर्यंत पूर्वेचा टप्पा गाठला जातो. दुपारी सूर्य कलला की परत पश्चिमेची वाट. पहिली पाळी, दुसरी पाळी आणि रात्रपाळी! गिरणीचा भोंगा नाही, मुकादम नाही, तरी पाळी चुकत नाही.

यामागे कोणती श्रद्धा आहे काय? मुळीच नाही. यामागे पोटाचा प्रश्न आहे. या जेलीफिशच्या शरीरात डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय शैवाल राहते. त्यामुळेच त्यांना तो सोनेरी-तपकिरी रंग येतो. शैवाल उन्हात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा जेलीफिशला मिळतो. बदल्यात जेलीफिश त्याला आसरा देतो, उन्हात नेऊन फिरवतो, आणि पोहताना स्वतःभोवती गिरक्या घेत सर्व अंगाला ऊन लागेल असे पाहतो. रात्री खोल पाण्यात उतरून शैवालासाठी खतासारखी पोषक द्रव्ये आणीत असावा, असे अभ्यासकांना वाटते. असा हा रोखठोक व्यवहार आहे. दोघांच्याही खात्यात जमा आहे, दोघांच्याही खात्यात खर्च आहे.

हा समुदाय काठाच्या सावलीपासून मात्र दूर राहतो. काठाशी पाण्यात पांढरी समुद्रफुले असतात. दिसायला फूल, पण तो प्राणी आहे आणि त्याचे अन्न जेलीफिशच आहे. सावलीत गेला तो संपला. त्यामुळे ‘या तळ्यात शत्रूच नाही’ असे जे सांगितले जाते तेही खरे नाही.

डंख खरोखर गेला काय?

आता मूळ प्रश्न. पर्यटकांना सांगितली जाणारी कथा अशी की, हजारो वर्षे शत्रू नसल्याने या जेलीफिशचा डंख नाहीसा झाला. कथा गोड आहे, पण पुरती खरी नाही. डंख मारणाऱ्या सूक्ष्म पेशी त्यांच्या अंगात आजही आहेत. पाण्यातले बारीक कीटकासारखे जीव ते त्यांनीच पकडतात. फक्त तो डंख इतका सौम्य आहे की माणसाच्या हातापायाच्या कातडीला कळत नाही. ओठासारख्या नाजूक जागी कोणाकोणाला किंचित चुरचुरते, एवढेच.

म्हणजे देवाने काही काढून घेतले नाही आणि काही दिलेही नाही. ज्याला उन्हातून भाकरी मिळते त्याचे शस्त्रावाचून फारसे अडत नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात काय धम्म नव्हे ते सांगताना दैवी चमत्कारावरील विश्वासाला त्या यादीत बसवले आहे. प्रत्येक घटनेला कारण असते, ही तथागतांची शिकवण. कारण सापडायला वेळ लागेल, पण ते असते. तळ्यातल्या पाण्यातही तोच नियम आहे.

एकाच कुळाची पाच घराणी

यापुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. असे सोनेरी जेलीफिश पालाऊच्या एकाच तळ्यात नाहीत, पाच तळ्यांत आहेत. सर्वांचे पूर्वज बाहेरच्या समुद्रातले एकच. त्या समुद्रातल्या जेलीफिशच्या अंगावर ठिपके असतात आणि खाली सोंडेसारखे लांबट अवयव लोंबत असतात. ते पूर्वज निरनिराळ्या खळग्यांत शिरले. प्रत्येक तळ्याचे ऊन वेगळे, खोली वेगळी, काठ वेगळा. काही हजार वर्षांत प्रत्येक तळ्यातली प्रजा रूपाने आणि चालीने वेगळी झाली. आपल्या पाचव्या तळ्यातल्या जेलीफिशचे ठिपके जवळजवळ गेले, ते लोंबते अवयवही जवळजवळ नाहीसे झाले.

अमेरिकेतील शास्त्रज्ञ मायकेल डॉसन यांनी २००५ साली या पाच तळ्यांतील जेलीफिशना पाच स्वतंत्र उपजाती म्हणून नोंदवले आणि त्यांना पालाऊच्या पाच राष्ट्राध्यक्षांची नावे दिली. पाचव्या तळ्यातली उपजात राष्ट्राध्यक्ष एट्पिसन यांच्या नावाने ओळखली जाते.

मी मुलांना विचारले, “या पाचांत श्रेष्ठ कोण?” एक मुलगा म्हणाला, “ज्याच्यावर ठिपके आहेत तो.” दुसरा म्हणाला, “ज्याला ठिपके नाहीत तो.” मग ती चित्रफीतवाली मुलगी म्हणाली, “काका, श्रेष्ठ कोणीच नाही. तळी वेगळी आहेत.”

बंधू-भगिनींनो, आपल्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर ठेवणाऱ्यांनी सांगितले की हा फरक जन्माचा आहे, पूर्वकर्माचा आहे, म्हणून तुम्ही खालचे. माणसांत तर जेलीफिशइतकाही फरक पडलेला नाही. आपण सारे एकाच जातीचे प्राणी आहोत. जो फरक दिसतो तो पाणवठ्याचा आहे, शाळेचा आहे, भाकरीचा आहे. परिस्थिती बदलली की माणूस बदलतो, हे १९५६ नंतरच्या आपल्या दोन-तीन पिढ्यांनी स्वतःच्या घरात पाहिले आहे. मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. जेलीफिशला आपले तळे बदलता येत नाही. माणसाला येते, आणि आपण ते बदलले.

तळाशी असलेले विष

या तळ्याचे पाणी वरपासून खालपर्यंत एकसारखे नाही. वरच्या सुमारे १५ मीटरपर्यंत प्राणवायू आहे आणि सर्व जीव तिथेच राहतात. त्याखाली जांभळट जिवाणूंचा दाट थर आहे. त्याच्याही खाली प्राणवायू अजिबात नाही. तिथे पाण्यात हायड्रोजन सल्फाईड हा सडक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी वायू विरघळलेला आहे. चारी बाजूंच्या टेकड्यांनी वारा अडतो, झाडी सावली धरते, त्यामुळे वरचे-खालचे पाणी ढवळले जात नाही आणि हे थर तसेच राहतात.

म्हणून पाठीवर हवेची नळकांडी बांधून या तळ्यात बुडी मारायला सक्त मनाई आहे. हा वायू कातडीतूनसुद्धा शरीरात भिनू शकतो. पर्यटकाने नाकातोंडाची नळी लावून पृष्ठभागावर पोहावे, खाली जाऊ नये.

हे सांगत असताना मागे बसलेला एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील सफाईच्या कामावर आहेत. तो म्हणाला, “सर, मॅनहोलमधला गॅस हाच का?” मी म्हणालो, “होय, त्यातला मुख्य विषारी गॅस हाच.” तो खाली बसला. पुढे काही बोलला नाही. वर्गही थोडा वेळ गप्प होता.

पालाऊमध्ये शंभर डॉलरचा परवाना काढून आलेल्या पाहुण्याच्या जिवाला धोका नको म्हणून तळाशी जायला बंदी आहे. आपल्या देशात त्याच वायूच्या खड्ड्यात माणसाला कमरेला दोर बांधून उतरवले जाते, आणि तो माणूस बहुतेक वेळा कोणत्या समाजाचा असतो हे सांगायला नको. २०१३ च्या कायद्याने भूमिगत गटारे आणि सेप्टिक टँक यांत संरक्षक साधनांवाचून माणूस उतरवणे हा गुन्हा ठरवला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंबद्दल कुटुंबाला १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. ज्या घरात असा प्रसंग ओढवला असेल त्या घराने हा हक्क सोडू नये. कंत्राटदार ‘आमचा माणूसच नव्हता’ म्हणतो, तेव्हा हजेरीचा कागद, साक्षीदार आणि पोलिसातली नोंद उपयोगी पडते. आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे, कोणी कितीही दमदाटी केली तरी त्या खड्ड्यात उतरायला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे.

तळे रिकामे झाले तेव्हा

१२ हजार वर्षे टिकलेले तळे सुरक्षित असेल, असे कोणालाही वाटेल. पण १९९८ साली समुद्राचे पाणी असामान्य तापले. त्या वर्षाच्या अखेरीस तळ्यातले सोनेरी जेलीफिश संपले. पाणी तापल्यावर अंगातले शैवाल टिकत नाही, आणि शैवाल गेले की जेलीफिशची भाकरीच जाते. काही काळाने ते पुन्हा दिसू लागले.

२०१६ साली पुन्हा तसेच घडले. ‘अल निनो’ नावाचा समुद्र तापवणारा फेरा त्या वेळी जोरात होता. पालाऊमध्ये भीषण दुष्काळ पडला. पाऊस नसल्याने तळ्याचे वरचे पाणी तापले आणि अधिक खारट झाले. कोरोर येथील प्रवाळ संशोधन संस्थेचे लोक या तळ्यातील जेलीफिशची नियमित मोजदाद करतात. त्यांच्या अंदाजाने जिथे सुमारे ८० लाख जेलीफिश होते तिथे काही महिन्यांत जवळजवळ एकही मोठा जेलीफिश उरला नाही. पर्यटकांसाठी तळे बंद करण्यात आले.

मग ते परतले कुठून? याचे उत्तर त्यांच्या जन्मकथेत आहे. नर-मादीपासून जी पिल्ले होतात ती थेट जेलीफिश होत नाहीत. ती पाण्याखालच्या दगडाला, पाचोळ्याला चिकटतात आणि राईच्या दाण्याहून लहान अशा खोडासारखी वाढतात. त्या अवस्थेत त्यांना शैवालावर अवलंबून राहावे लागत नाही, म्हणून ती कठीण काळ काढतात. अनुकूल दिवस आले की एकेका खोडापासून बशीसारखी बाळे सुटू लागतात. वरचे तळे रिकामे दिसत होते, पण खाली दगडाला धरून बसलेले शिल्लक होते. २०१८-१९ च्या सुमारास तळ्यात पुन्हा पुरेशी संख्या झाली आणि तळे उघडण्यात आले.

लहानांचा न्याय

अल निनो हा निसर्गाचा फेरा आहे, तो पूर्वीही होता. पण मोठ्या देशांच्या कारखान्यांच्या आणि मोटारींच्या धुराने मुळातच समुद्र तापत चालला आहे. त्यामुळे असा फेरा अधिक घातक ठरतो. पालाऊचा त्या धुरातला वाटा नगण्य. भोग मात्र त्याच्या वाट्याला. धूर एकाचा आणि डोळे चुरचुरणार दुसऱ्याचे, हा अनुभव आपल्याला नवीन नाही.

पण पालाऊचे लोक रडत बसले नाहीत. मासे कमी झाले की ठरावीक ठिकाणी काही काळ मासेमारी बंद ठेवायची, अशी तिथल्या प्रमुखांची जुनी रीत आहे. तिला ‘बुल’ म्हणतात. तीच समज त्यांनी कायद्यात आणली. २०१७ च्या डिसेंबरपासून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या पासपोर्टवर प्रतिज्ञेचा शिक्का उमटतो. देशातील मुलांना उद्देशून ती प्रतिज्ञा आहे. निसर्गाला इजा करणार नाही, अशी सही दिल्यावरच प्रवेश. उन्हापासून कातडी वाचवायला लोक जी क्रीम लावतात, तिच्यातील काही रसायने प्रवाळांना बाधतात. या तळ्यात त्यांचे अंश सापडल्यावर पालाऊने २०१८ साली कायदा केला आणि १ जानेवारी २०२० पासून अशा क्रीमवर देशभर बंदी घातली. त्याच दिवसापासून आपल्या सागरी हद्दीचा सुमारे ८० टक्के भाग मासेमारीला बंद केला.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. २०११ साली पालाऊच्या राष्ट्राध्यक्षांनी संयुक्त राष्ट्रसंघात उभे राहून सांगितले की, दुसऱ्याच्या धुराने आमचे नुकसान होत असेल तर त्या देशाची जबाबदारी काय, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगावे. तेव्हा ती मागणी तडीस गेली नाही. पुढे वानुआतु या दुसऱ्या लहान बेटराष्ट्राने नेटाने तीच वाट धरली, आणि जुलै २०२५ मध्ये त्या न्यायालयाने हवामान राखणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे, असे मत दिले. १८ हजार लोकांच्या देशाने पेरलेला विचार जगाच्या न्यायालयापर्यंत पोहोचायला चौदा वर्षे लागली. हक्काची लढाई किती लांबते हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

वर्ग संपल्यावर त्या मुलीने मोबाईल काढला आणि चित्रफीत ज्यांनी पाठवली होती त्या नातेवाईकांना उत्तर लिहिले, ‘मामा, ही देवाची लीला नाही. डंख आहे, पण सौम्य आहे. कारण मी तुम्हाला घरी आल्यावर सांगते.’

मातांनो, पित्यांनो, तुमच्या मोबाईलवरही अशा चित्रफिती येत असतील. मुलांना त्या दाखवायला हरकत नाही. फक्त सोबत एक प्रश्न विचारा, याचे कारण काय असेल? उत्तर तुम्हाला येत नसेल तर लाजू नका, मलाही आले नव्हते. जवळच्या वाचनालयात जा, शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना विचारा, आणि पुढच्या रविवारी विहारात येऊन सर्वांना सांगा.

नमो बुद्धाय! जय भीम!